संगमावरची वेणी

साल एकोणीसशे अडुसष्ट. होडी संगमावर पोचली, तेव्हा फिटरच्या बायकोने उरलासुरला धीर गोळा करून विचारलं, “अहो, आता तरी लेकीला घरी बोलावू या का?”

“तीर्थावर तो विषय नको,” फिटर म्हणाला.

मुलीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. फिटरचा शब्द म्हणजे आवळून बसवलेला बोल्ट. इथे पाझर फुटला नाही, तर आता कुठे फुटणार? बायको पाण्याकडे बघत बसली.

गुरुजींनी विधी समजावला. नवऱ्याने आपल्या हाताने बायकोची वेणी घालायची, टोक कापायचं आणि दोन नद्या मिळतात तिथे सोडायचं.

सोबत आलेली नणंद खो खो हसली. “वहिनी, डोकं सांभाळ गं! दादाने जन्मात पान्याशिवाय काही हातात धरलेलं नाही.”

बायको त्याच्याकडे पाठ करून बसली. त्याने केस विंचरले, मधोमध भांग पाडला. ओढाताण नाही, गुंता नाही. होडी डुलत होती, तरी बोटं सराईतासारखी चालत होती. बघता बघता एका कानामागून घट्ट वेणी उतरली. मग दुसऱ्या कानामागून दुसरी.

“अहो यजमान, एकच घालायची असते!” गुरुजी म्हणाले. “शाळेतल्या पोरीसारख्या दोन कशाला?”

“मला दोनच येतात,” फिटर म्हणाला.

नणंदेला हसू आवरेना. बायको हसली नाही. लेक दुसरीत असताना ती स्वतः क्षयाच्या दवाखान्यात वर्षभर पडून होती. त्या वर्षी लेकीचं सकाळी कोण आवरत होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

मागे त्याने दोन्ही वेण्या तळहातावर घेऊन पाहिल्या. मग त्याने कात्री घेतली, दोन्ही वेण्यांची टोकं कापली.

“तिचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?”

“तोंडपाठ आहे.”

परतीच्या प्रवासात घरचं स्टेशन आलं. नणंद बोचकी घेऊन उतरली. ते दोघं उतरलेच नाहीत.

फिटर त्यानंतर बरीच वर्षं जगला. शेवटच्या दुखण्यात लेक-जावई उशाशी होते. बायको पुढे लेकीकडेच राहिली. नणंद मात्र म्हातारी होईस्तोवर चारचौघांत सांगत राहिली, “आमच्या दादाला साधी एक वेणी घालता आली नाही हो!”

तिचं म्हणणं कुणी खोडलं नाही.