स्थळदर्शन

"पूल बघून झाला ना? मग आता अलोइसचं बोलूया," कठड्याला टेकत वाल्बुर्गाबाई म्हणाल्या. "कॅथीड्रल नंतर बघ. ते काही पळून जात नाही."

इर्मगार्ड हसली. दोघींची ओळख वसंतातली. औषधी पाण्याच्या झऱ्यांवर उपचारांसाठी गेल्या, तेव्हा जेवायला एकाच टेबलावर बसायच्या. तेव्हापासून बाईंनी धोशाच लावला होता, रेगेन्सबुर्गला ये, गाव बघ, आमचा अलोइस बघ. इर्मगार्डचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटीने जेवायचा तिला मनापासून कंटाळा आला होता, म्हणून ती आली.

"तुमच्या उल्मवरूनच वाहत येतं हे पाणी," बाईंनी डॅन्यूबकडे बोट दाखवलं. "तुम्ही धुणी धुवायची आणि आम्ही कौतुकाने बघत बसायचं."

"आम्हा उल्मकडच्यांना चिक्कू म्हणता ना? बघा, अख्खी नदी फुकट देतो."

"आहेस हो खमकी. अलोइसला अशीच लागते."

पुलाशेजारच्या सॉसेजवाल्याकडे दोघी बाकावर बसल्या. बाईंनी दोन ताटल्या मागवल्या आणि तिच्या ताटलीत मोहरीची चटणी स्वतःच वाढली.

"ही गोडवाली लक्षात ठेव. तिखट दिलीस तर तो भांडणार नाही, नुसती ताटली सरकवेल. मोजे डोळ्यांसमोर असले तरी सापडायचे नाहीत त्याला. बाकी माणूस सोन्यासारखा."

"लाडावून ठेवलाय तुम्ही."

"ठेवलाय खरा. आता निस्तरायला तू."

इर्मगार्ड लाजली, आणि या वयात आपण लाजतोय याची तिला गंमत वाटली. हे गाव तिला आवडलं होतं. इथे राहता येईल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बाईंना धाप लागली. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलं होतं, पण ऐकतील तर त्या बाई कसल्या. इर्मगार्डने हात पुढे केला, तो मात्र त्यांनी घट्ट धरला.

"मी डोळे मिटायच्या आत त्याचं सगळं मार्गी लागायला हवं."

"सगळ्याच असं म्हणतात," इर्मगार्ड म्हणाली. "पण त्याचं काय? त्याला हवंय का लग्न?"

"आत्ता विचारलंस तर अंगावर येईल. मी गेल्यावर वर्षभर काळा कोट घालून बसेल आणि मग आपणहून तुझ्या दारात येईल," बाई ठामपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं नवरा आहे तो माझा, एवढं ओळखत नाही का मी त्याला?"