शोभेचं विमान

अतुलनं पांढरकवड्याच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉल्या करता करता एक खरंखुरं विमान बनवलं. उडवून पाहायची परवानगी काही मिळाली नाही, अन् कधी न उडालेल्या विमानाचा विमा कोणी काढेना. शेवटी ते हायवेवर शकुबाईच्या ढाब्यासमोर शोभेसाठी उभं करायचं ठरलं.

"इंजिन काढून टाक भाऊ," विमा एजंट धम्मरत्न म्हणाला. "हे उडणार नाही असं लिहून दे, मंग शोभेची वस्तू म्हणून विमा करून देतो."

अतुलनं इंजिन काढलं. लिहूनही दिलं.

मे महिन्यात वादळी वावधन सुटलं. इंजिनाविना हलकं झालेलं विमान वाऱ्यानं शकुबाईच्या डोळ्यांदेखत उचललं, कडुलिंबावरून नेलं अन् पलीकडच्या वावरात उलटं आपटलं.

धम्मरत्ननं येऊन पंखांचे तुकडे पाहिले. मग म्हणाला, "क्लेम नाही बसत भाऊ. उडणार नाही असं तूच लिहून देलं होतं. अन् हे तं उडालं."

अतुल शकुबाईकडे वळला.



"मावशी, तुम्ही पाह्यलं न? उडतानी एका बाजूले झुकत तं नव्हतं?"