कलिंगडाचा तास

दौलताबादच्या शाळेत पाचवीला अपूर्णांक शिकवता शिकवता मुनिरा मॅडम मेटाकुटीला आल्या होत्या. "एक छेद चार मोठा की एक छेद आठ?" असं विचारलं की सुकेशनी दर वेळी छातीठोकपणे सांगायची, "एक छेद आठ! चारापेक्षा आठ मोठे, व्हय का नाय?" आणि अख्खा वर्ग माना डोलवायचा.

शेवटी मॅडमनी एक दिवस बसमधून भलंथोरलं कलिंगड आणलं आणि टेबलावरच कापायला घेतलं. आधी चार फोडी झाल्या, मग आठ, आणि वर्गातल्या सगळ्यांना पुरवता पुरवता सुकेशनीच्या वाट्याला कागदासारखी पातळ चकती आली. तिनं ती उजेडाकडं धरली, आरपार बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आत्ता कळलं मॅडम. छेद वाढला की वाटा बारका व्हतो."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास गं! उद्या अजून एक आणते."

दुसऱ्या दिवशी कलिंगड कडेवर घेऊन मॅडम वर्गात शिरल्या, तर पहिल्या बाकावर सुकेशनी आणि तिची मैत्रीण लाइबा. बाकी सगळे बाक रिकामे.

"बाकीची पोरं कुठं गेली गं?"

"घरी हायेत. म्याच सांगितलं सगळ्यांना, पाचवीला आज सुट्टी हाय म्हणून."

"अगं, पण का?"

 

"छेद दोनावर आणला, मॅडम. एकावरच आणणार व्हते, पण अख्खं कलिंगड एकटीला जायचं नाय."