सुनावणी

“मी जन्मापासून बहिरा आहे,” ती माइकमध्ये म्हणाली, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी चमकून वर पाहिलं.

मग त्यांना तिच्या शेजारी उभा असलेला म्हातारा दिसला. त्याचे हात चालले होते. बोलत तो होता, आवाज तेवढा लेकीचा होता. आई गेल्यापासून त्याच्या हातांची भाषा घरात तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे ती लहानपणापासून बापाच्या वतीने ‘मी’ म्हणत आली होती.

येत्या वीस वर्षांत शहराला वीज कुठून आणायची, याचा आराखडा वीज कंपनीने केला होता. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला ही जनसुनावणी होती. खरा वाद एकच होता. शहराबाहेरचं कोळशावरचं जुनं वीजकेंद्र पाच वर्षांत बंद करून ऊन-वाऱ्याच्या विजेवर भिस्त ठेवायची, की डागडुजी करत ते आणखी पंधरा वर्षं ओढायचं? केंद्रातले कामगार सकाळपासून डाव्या बाजूला ठाण मांडून बसले होते. आपापसात ते इतक्या मोठ्याने बोलत होते की अध्यक्षबाईंना दोनदा टेबल वाजवावं लागलं. त्यांच्यात तिचा नवराही होता. केंद्र बंद झालं तर त्याची नोकरी जाणार होती. म्हाताऱ्याला बोलायला युनियनच्या सेक्रेटरीनेच आणलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ज्या केंद्राने आयुष्यभर पोसलं, ते बंद करा म्हणायला कोणाची जीभ रेटली असती?

तिलाही केंद्र राहायला हवं होतं. नवऱ्याशी हल्ली तिचं धड बोलणं होत नव्हतं. ओट्याशी उभी राहून ती काही विचारायची, आणि तो मागे बसून ढिम्म. पुन्हा विचारलं की ताट सरकवून उठायचा. नोकरीचा घोर लागलाय म्हणून माणूस असा घुमा झालाय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. नोकरी टिकली तर घरातलं बोलणंही परत येईल.

“कामावर घेताना साहेबांनी मला काय येतं ते विचारलंच नाही,” ती बापाचे हात बघत म्हणाली. “ऐकू येत नाही म्हटल्यावर लगेच घेतलं.”

सभागृह हसलं. लोकांचे चेहरे पाहून म्हाताराही हसला.

“टर्बाइन हॉलमध्ये कानठळ्या बसतात म्हणे. मला काय माहीत? मला एवढंच माहीत की तिथे कोणालाच काही ऐकू यायचं नाही. सगळे हातांनीच बोलायचे. व्हॉल्व्ह फिरव, थांब, चहाला चल. बाहेर मी मुका होतो. त्या हॉलमध्ये मी चारचौघांसारखा होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तिथे गेला.”

सेक्रेटरीने टाळ्या सुरू केल्या. त्याचे हात पाहून बाकीच्यांनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर म्हाताऱ्याचे हात पुन्हा उठले. या वेळी लेकीचा आवाज आला नाही.

“ताई, पुढे?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने बापाकडे पाहिलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं, हळू, नीट. तिला दुसरं काहीही सांगता आलं असतं. या सभागृहात ते कळणारं कोण होतं?

“पण तिथे सुखी असा मी एकटाच होतो,” ती म्हणाली. “मला गमवायला कान नव्हतेच. बाकीची पोरं चांगले कान घेऊन आली. कंपनीने कानात घालायला बोळे दिले. पण मशीन बिघडायला लागलं की आधी त्याचा आवाज बदलतो. तो कळावा म्हणून पोरं बोळे काढून खिशात ठेवायची. रिटायर होईतो सगळी माझ्यासारखी झाली. मला निदान भाषा होती. त्यांच्याकडे कामाच्या चार खुणा. ‘चहाला चल’ म्हणता येतं. तेवढ्यावर बायकोशी संसार होत नाही.”

म्हाताऱ्याने समोर बसलेल्या कंपनीच्या अभियंत्याकडे बोट केलं.

“तुमच्या आराखड्यात धुराचा विचार आहे, राखेचा आहे. याचाही करा. हे केंद्र बंद करा.”

लिहून घेणाऱ्या अभियंत्याचा हात थांबला. सेक्रेटरी ताडकन उठला.

“खोटं आहे! म्हातारा असं बोलूच शकत नाही. पोरगी मनचं सांगतेय!”

कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून आपला माइक जवळ ओढला. “ताई, आक्षेप घेतला आहे, म्हणून विचारावं लागतंय. वडील हेच म्हणाले, हे सांगू शकेल असं इथे दुसरं कोणी आहे का?”

नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात कामगारांच्या रांगेत सेक्रेटरीच्या शेजारचा माणूस उभा राहिला. तिचा नवरा.

“बाबा तेच म्हणाले,” तो गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाला. “पोरांचे कान गेले म्हणाले. केंद्र बंद करा म्हणाले.”

सेक्रेटरीने त्याचं मनगट धरून खाली ओढलं. तो बसला नाही.

ती बघतच राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासऱ्याशी त्याचं बोलणं नेहमी तिच्या तोंडूनच व्हायचं. माइक सोडून ती व्यासपीठाच्या कडेला आली.

“तुला बाबांची भाषा कधीपासून येते?”

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि नवीन अक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखं चाचपडत, खुणांनी म्हणाला, “हातांनी विचार. तुझा आवाज आता मला येत नाही.”