सुलेखाची जागा

"एक टाइलसुद्धा फोडायची नाही!" विनय म्हणाला आणि खोलीच्या मधोमध चक्क मांडी घालून बसला. अठ्ठ्याहत्तरीच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"बाबा, प्लीज," त्याची मुलगी प्रीता म्हणाली. "बॉयलरवाला काय म्हणाला ऐकलंत ना? नवा बॉयलर तो लावेल, पण फरशीखालच्या या जुन्या प्लॅस्टिकच्या नळ्यांची गॅरंटी देणार नाही. लीक असेल तर फरशी फोडायची आणि नळ्या फॉर गुड बंद. मग डक्ट टाकून गरम हवा. एव्हरीबडी हॅज दॅट."

"एव्हरीबडीच्या घरात नळ्या मी टाकल्या नव्हत्या."

चाळीसेक वर्षांपूर्वी विनय आणि त्याची बायको सुलेखा यांनी मिशिगनमधल्या नोव्हायच्या या घराला ही मागची खोली जोडली, तेव्हा गरम पाणी खेळवायचं म्हणजे तांब्याचे पाइप आणि लोखंडी रेडिएटर. युरोपात फरशीखालून प्लॅस्टिकची नळी फिरवतात, असं विनयने कुठल्याशा मासिकात वाचलं आणि ते खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. मोटारींच्या इंजिनांवर काम करणारे त्याचे सहकारी पोट धरून हसले. फरशीखाली प्लॅस्टिकचं सूप होईल, म्हणाले.

नळीचं भलंमोठं वेटोळं घरी आलं. मिशिगनच्या थंडीने ते इतकं ताठलं होतं की एकट्याचं काम नव्हतं. वेटोळं सुलेखाने कवेत धरलं आणि टोक विनयने. तो रांगत रांगत नळी जमिनीवर अंथरलेल्या लोखंडी जाळीला बांधत जायचा, ती मागून थोडी थोडी सोडायची आणि मध्येच ओरडायची, "अहो, हळू!" काँक्रीटच्या आत नळीला जोड द्यायचा नाही, हा त्या कामाचा पक्का नियम. शेवटी काँक्रीटचा ट्रक दाराशी येऊन भोंगा वाजवू लागला, तेव्हा नवराबायकोची जी धांदल उडाली ती विचारू नका.

पुढे लोखंडी पंप गंजला. त्या सुरुवातीच्या प्लॅस्टिकमधून हवा आत झिरपते आणि लोखंडाला खाते, हे विनयला उशिरा कळलं. त्याने पंप बदलला, पाठोपाठ बॉयलरही बदलला, पण आपल्या नळीला कधी बोल लावला नाही.

कारण फरशी गरम होत होती ना! संक्रांतीला महाराष्ट्र मंडळातली माणसं जमायची. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत सगळे बूट-मोजे काढून अनवाणी. "हात लावून बघा, हात लावून!" विनय दारातच एकेकाला सांगायचा. पंगत जमिनीवरच बसायची. एकदा तर गुळाच्या पोळ्या हाणून सुमंतकाका तिथंच आडवे झाले आणि सगळ्यांच्या देखत घोरू लागले. ते दिवस विनयला फार आठवत. त्यातली निम्मी माणसं आता मुलांकडे राहायला गेली होती, काही देवाघरी. पण फरशीवर तळपाय टेकले की त्याला घर भरल्यासारखं वाटे.

सुलेखा खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसायची. पायात लोकरीचे मोजे, खाली चौपदरी गोधडी. दुसरं कुणी तिथं टेकलं की लटक्या रागाने उठवायची, "ही माझी जागा हं!" विनयलाही तिथं मज्जाव होता. तो पाहुण्यांसमोर तिची थट्टा करायचा, "एवढी गरम फरशी करून दिली, तरी हिचं गोधडीवाचून चालत नाही." सगळे हसायचे. सुलेखाही हसायची.

प्रीताने फोनला एक छोटा कॅमेरा जोडला. "यात हीट दिसते. लीक असेल तर मोठा ब्लॉब दिसेल. दिसला तर फोडायचं, ओके?"

"आणि नाही दिसला तर नळ्या राहतील."

"डील."

नळ्या गेल्या, तर दोघांनी मिळून आपल्या हातांनी केलेलं असं या घरात काही उरणार नव्हतं. स्क्रीनवर नारिंगी रेघा उमटल्या. भिंतीपर्यंत जाऊन वळणाऱ्या, घाईत काढलेल्या रांगोळीसारख्या जरा वाकड्या. कुठे डाग नाही, गळती नाही.

"वॉव, बाबा! सगळं परफेक्ट आहे."

"सुलेखा, अगं, बाहेर ये! बघ आपल्या नळ्या!" विनयचे डोळे भरून आले होते. सुलेखा स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. प्रीता खिडकीपाशी पोचली होती. गोधडी बाजूला सारून तिने फोन कोपऱ्याकडे वळवला.

नारिंगी रेघ कोपऱ्याच्या अलीकडेच वळून माघारी गेली होती. पुढे सगळं निळं.

विनयला ट्रकचा भोंगा आठवला. वेटोळं संपत आलं होतं, आणि जोड देता येत नव्हता. "राहू दे, कोपऱ्यात कोण बसतंय?" असं म्हणून त्यानेच नळी अलीकडून फिरवून बॉयलरकडे नेली होती. पहिल्यांदा फरशी तापली त्या आनंदात तो ते साफ विसरून गेला होता.

तो रांगतच कोपऱ्यापाशी गेला. तळहात टेकवला. फरशी गारठलेली होती. त्याने हात लवकर उचलला नाही.

"प्रीता, इथल्या टाइल्स फोडायला सांग त्यांना," तो म्हणाला. "इथं नळी न्यायची राहिलीय."

प्रीता आईकडे बघत राहिली. "पण आई, यू ऑल्वेज सॅट हिअर! इतकी वर्षं? या थंडीत?"

सुलेखाने ओले हात ओढणीला पुसले.

"मग? तिथं काय पाहुण्यांना बसवायचं होतं?"