पहिलं पान

सातव्यांदा तेच पान सुरू झालं तेव्हा प्रभाकरकाकांनी खांद्यावरची शाल जरा सैल केली. संदेशने लगेच ती पुन्हा नीट गुंडाळली.

"काका, दोनच मिनिटं. सरोजताईंचा व्हिडिओ होऊ दे."

एप्रिल महिना होता. शिळफाट्याजवळच्या वृद्धाश्रमाच्या हॉलमधले पंखे मुद्दाम बंद केले होते, कारण त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत होता. बाळकुमच्या एका मोठ्या गृहसंकुलाने महिनाभर 'एक वस्ती, एक पुस्तक' असा उपक्रम चालवला होता. चौदा इमारतींनी एकच कादंबरी वाचायची. जो वाचून संपवेल त्याच्या नावाने आश्रमाला एक शाल. तीनशे सहा जणांनी 'पूर्ण' म्हणून कळवलं. आश्रमात माणसं एकेचाळीस. आज त्या शाली द्यायच्या आणि आजी-आजोबांना पुस्तक वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. संदेश संकुलाचा सांस्कृतिक सचिव. वाचकांची यादी देवयानीकडे होती. बँकेतली नोकरी सांभाळून तिने ते काम हौसेने केलं होतं. आता ती भिंतीला टेकून बघत होती.

खिडकीपाशी उजेड चांगला येत होता, म्हणून सगळ्यांना तिथे बसलेले प्रभाकरकाकाच हवे होते. त्यांनी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. एकेक कुटुंब पुढे यायचं, त्यांच्या अंगावर आपली शाल घालायचं, पहिलं पान वाचायचं, फोटो काढायचं आणि शाल काढून कोपऱ्यातल्या ढिगावर टाकायचं. पुढचं कुटुंब पुन्हा पहिल्यापासून.

"पोस्टमनच्या पिशवीत त्या दिवशी एकच पत्र होतं, आणि ते त्याच्याच नावाचं होतं."

हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा काका खुर्चीत पुढे सरकले होते. देवयानीने ते पाहिलं होतं. मग पान संपलं, टाळ्या झाल्या, आणि काका कितीतरी वेळ तसेच पुढे झुकून बसून राहिले होते.

सरोजताईंनी पान संपवलं. काकांच्या कपाळावरचा घाम कानाकडे ओघळत होता. सरोजताईंच्या नातीने, सान्वीने, टिश्यूने तो हळूच टिपला.

"हे घेतलंस ना गं?" सरोजताईंनी सुनेला विचारलं.

"मिस झालं, आई."

मग सान्वीने कोरड्या कपाळावरून टिश्यू पुन्हा एकदा फिरवला.

देवयानीला पुढे बघवेना. ती संदेशजवळ गेली. "पुढच्यांना निदान पुढचं पान वाचू दे."

"अगं, सगळ्यांनी हेच तयार करून आणलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मध्येच दुसरं दिलं तर अडखळतील. व्हिडिओत कसं दिसेल ते?"

बारा कुटुंबं झाली. बाकीचे आजी-आजोबा चहाला उठून गेले. शेवटची शाल निघाली तसा काकांनी सदऱ्याच्या बाहीने मान पुसली.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ते पत्र कुणाचं होतं?"

पर्स आवरणारे हात थांबले.

"तुम्ही सगळ्यांनी वाचलंय ना पुस्तक?"

"हो हो, सगळ्यांनी," संदेश म्हणाला. "बायकोचं असतं, काका. फार इमोशनल आहे एंड."

सरोजताईंनी गंभीरपणे मान डोलावली. आणखी दोघांनी डोलावली.

"बायकोचं कसं असेल?" काकांचा आवाज चढला नाही. वर्गात चुकलेलं उत्तर ऐकून घ्यावं तसं त्यांनी ते ऐकलं होतं. "तिला लिहिता येत नव्हतं. तिची माहेरची पत्रंसुद्धा तोच लिहून द्यायचा. पहिल्याच पानावर आहे. आत्ता बारा वेळा वाचलंत तुम्ही."

संदेशने मोबाइलकडे पाहिलं. "चला, बस आलेली आहे. शिळफाट्याला ट्रॅफिक लागेल." सगळे घाईने निघाले. दारातून बाहेर पडताना सरोजताई सुनेला म्हणाल्या, "किती बरं वाटतं ना असं काही केलं की."

देवयानी तिथेच राहिली. खाली दोनदा हॉर्न वाजला. तिने संदेशला मेसेज केला, तुम्ही व्हा पुढे. बस गेली.

"कोण थांबलंय?" काकांनी विचारलं.

"मी देवयानी. यादी माझ्याकडे होती."

"म्हणजे तुम्ही नक्की वाचलेलं असणार."

यादीत पहिलं नाव तिचंच होतं. इतरांना हुरूप यावा म्हणून तिने पहिल्याच दिवशी आपल्या नावापुढे 'पूर्ण' लिहून टाकलं होतं. मग रोज रात्री तीनशे लोकांना आठवण करून देण्यातच महिना गेला होता. मघापासून ज्यांची शिसारी येत होती, त्यांच्यात आणि आपल्यात फरक इतकाच की आपला व्हिडिओ निघाला नाही, हे तिला कळत होतं. तरी तिच्या तोंडून गेलंच, "हो."

"मग सांगा."

"सांगण्यापेक्षा वाचूनच दाखवते, काका."

तिने खुर्ची ओढली, पर्समधून आपली प्रत काढली आणि पहिलं पान उलटलं. पुस्तक उघडं राहीना. दोन्ही अंगठ्यांनी तिने ते दाबून उघडलं, तशी न उघडलेल्या पुस्तकाची पाठ करकरत मोडली. पंखे अजून बंदच होते. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज स्वच्छ ऐकू आला.

काकांनी मान त्या आवाजाकडे वळवली. मग खुर्चीत जरा पुढे सरकले.

"सावकाश वाचा," ते म्हणाले. "तुम्हीही पहिल्यांदाच वाचताय."