खोडलेलं मीठ

वहीच्या प्रत्येक पानावर मीठ खोडलेलं होतं. बटाटा आणि लीकचं सूप, लोण्यात मुरवलेली गाजरं, थाइमचा पाला घातलेली कोंबडी, साधं ऑम्लेटसुद्धा. सगळीकडे ‘मीठ चवीपुरतं’ असं लिहिलेलं आणि त्यावर निळ्या शाईची एक सरळ रेघ. केमिस्टनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि स्वयंपाकघरात तो एकटाच हसला. चोर अखेर रंगेहाथ सापडला होता.

बायकोचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच रविवारचं जेवण त्याच्यावर आलं होतं, आणि नेमके आजच मेहुणा आणि त्याची बायको जेवायला यायचे होते. बायको वाचनालयात नोकरीला. तिथल्या एका जुन्या पुस्तकातून तिनं फ्रेंच घरांमधला रोजचा स्वयंपाक या वहीत उतरवून घेतला होता. चार भाज्या, बेताचं लोणी, मंद आच, पोटाला हलकं. फ्रेंचांनी हिला सगळं शिकवलं, मीठ घालायला तेवढं शिकवायचं राहिलं, असं तो चारचौघांत सांगायचा.

हा विनोद बावीस वर्षांचा होता, आणि त्याला तो अजून ताजा वाटायचा. बशी समोर आली की चाखायच्याही आधी तो मीठदाणी उचलून तीनदा झटकायचा. पाहुणे असले की जरा जास्तच उंचावरून. पाहुणेही हसत हसत ती मागून घ्यायचे. बायको मात्र कधीच घ्यायची नाही. बघा, हिला कळतसुद्धा नाही, असं तो म्हणायचा. मग तीही हसायची आणि रिकाम्या बशा उचलायला लागायची.

आज त्यानं दुकानात औषध मोजावं तसं सूप केलं. लीकच्या, म्हणजे त्या परदेशी कांदापातीच्या, जाड पाती उलगडून आतली माती धुतली. लोणी काट्यावर तोललं. कांदा तांबूस होऊ द्यायचा नाही असं वहीत होतं, म्हणून वीस मिनिटं पातेल्यापाशी पहारा दिला. मीठ तेवढं घातलं नाही. चिठ्ठीवर नाही ते द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. शिवाय खोडी काढायचीही हौस होतीच. सूप अळणी झालं तर होऊ दे, दोष कुणाचा ते एकदा सगळ्यांना कळू दे, असं त्यानं ठरवलं होतं.

टेबलावर सूप आलं. बायकोनं डाव्या हातात चमचा धरला आणि मुकाट्यानं खायला लागली. मेहुण्यानं एक घोट घेऊन मीठ मागितलं. केमिस्ट याचीच वाट बघत होता. त्यानं वही टेबलाच्या मधोमध उघडली आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

“बावीस वर्षं मी बोंबलतोय आणि कुणी ऐकत नव्हतं. आता हे बघा. बाईसाहेबांनी स्वतःच्या हातानं खोडलंय.”

मेहुणा हसला, त्याची बायकोही हसली. घरची मात्र हसली नाही. तिनं चमचा ठेवला आणि वही मिटली.

“तुमचं प्रेशर निघालं ना, त्या आठवड्यात खोडलं,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले मीठ निम्मं करा, आणि तुम्ही म्हणालात, अळणी खाण्यापेक्षा मेलेलं बरं. चाखायच्या आधी तुम्ही तीनदा झटकणारच. तेवढंच पोटात जावं म्हणून पातेल्यातलं काढून टाकलं.”

मेहुणा वाडग्यात बघत राहिला. केमिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो गोळ्यांबरोबर मीठ कमी खायचा उपदेश फुकट द्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याची स्वतःची प्रेशरची गोळी बावीस वर्षांत एकदाही वाढली नव्हती. त्याचं श्रेय तो सकाळच्या फिरण्याला द्यायचा, तेही याच टेबलावर, याच माणसांसमोर. आजची वही तर त्यानं आपणहून मांडली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मान वर करून बायकोकडे बघायची त्याला लाज वाटत होती, पण एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

“मग तू का नाही घेतलंस कधी वरून?”

“करणारीच मीठ घ्यायला लागली असती,” ती म्हणाली, “तर तुमच्या तीनाचे सहा झाले असते.”

तो उठला. मीठदाणी घेऊन टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीपाशी गेला. तिच्या वाडग्यावर एकदा झटकली, मग थांबून आणखी दोनदा. तिचा हात बांधलेला, म्हणून त्यानंच सूप ढवळलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

तिनं एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि चमचा हळूच बाजूला ठेवला.

“सूप छान झालंय,” ती म्हणाली, “पण मला आता फार खारट लागतं हो.”